जी रडत नव्हती

आम्ही दोघी दहा मिनिटांच्या अंतराने आलो,
साखर पेठेतल्या एका खोलीत.
भिंतीपलीकडे माग चालू होते म्हणे,
सुईणीला दोनदा ओरडून सांगावं लागलं
की अजून एक आहे.

आईला दूध एकीपुरतंच.
तिसऱ्या दिवशी तिच्या मांडीवर पुन्हा विड्यांचं सूप,
आणि त्याच दुपारी मिशनच्या दवाखान्यातून
आत्या आली. पदराला फिनेलचा वास.
आधीची येल्लव्वा, आता मार्था,
कूस दोन्ही नावांनी रिकामी.
तिने एक उचलली,
चार गल्ल्या आणि एक मोठा रस्ता ओलांडून नेली.

तेवढंच अंतर.
सायकलची चेन तापायच्या आत माणूस पोचतो.

तिकडे ती सुवार्ता झाली, इकडे मी नागमणी.
नाक तेच, डाव्या भुवईतला भोवराही तोच.
नारळी पौर्णिमेला बाप जानवं बदलायचा,
मार्कंडेयाचा रथ निघायचा,
आणि मला ठाऊक होतं,
म्हणजे मीठ खारट असतं हे जसं ठाऊक असतं तसं,
की पिंडीला मिठी मारलेल्या पोराला
यम नेऊ शकत नाही.
तिलाही तितकंच ठाऊक होतं
की थडग्याच्या तोंडावरचा दगड
पहाटे बाजूला सरलेला होता.
मीठ दोन्ही घरी एकाच दुकानातलं.

अकराव्या वर्षी गड्ड्याच्या जत्रेत
आम्ही मोठ्या पाळण्यात बसलो.
वर गेलं की सगळं दिसायचं,
तळं, देऊळ, चर्चचं टोक, मिलची चिमणी.
सगळ्यात वर पाळणा थांबला तेव्हा ती म्हणाली,
"नागे, तू नरकात जाणार की गं,"
आणि रडायला लागली. खरंखुरं.
मी म्हणाले, "तुला पुढचा जन्म कुत्रीचा,"
आणि मलाही हुंदका आला.
पोरी उंचीला घाबरल्या असं वाटून
पाळणेवाल्याने आम्हाला मध्येच उतरवलं,
पैसे मात्र परत दिले नाहीत.

मग लग्नं झाली, पोरं झाली.
ती दवाखान्यात नर्स, मी टॉवेलच्या कारखान्यात,
काठ दुमडून शिलाई मारायची.
नाताळला तिच्याकडून करंज्या यायच्या,
बतकम्मेला मी तरवडाची फुलं रचायची
तेव्हा ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहून
बघायची. आत यायची नाही.
मीही कधी ये म्हणाले नाही.

आई सिव्हिलमध्ये होती शेवटी,
एका बाजूला मी, एका बाजूला सुवार्ता.
चार दिवस न बोललेली आई अचानक बोलली,
तेलुगूत, छताकडे बघत,
कालचीच गोष्ट असल्यासारखी.
"येल्लव्वा म्हणाली, जी रडत नाही ती दे.
रडतं पोर रस्त्याने नेलं की लोक विचारतात."

"काय म्हणाली?" सुवार्ताने विचारलं.
तिला तेलुगू येत नाही.
आत्याने येऊच दिली नाही.
मी म्हणाले, "पाणी मागतेय."

ती पाणी आणायला गेली
आणि मी लोखंडी कॉटची कड धरून बसले.
मी रडत होते.
तीन दिवसांची, दुपारची, रडत होते,
म्हणून माझे सोमवार,
म्हणून माझं ग्रहणातलं अंथरुणावर पडून राहणं,
म्हणून नवऱ्याच्या आजारपणात केलेला नवस
आणि तो फेडताना अंगावर आलेला काटा.
भूक लागली असेल मला.
नाहीतर मुंगी चावली असेल.
नेमकी मलाच, तिला नाही.
आणि उलट झालं असतं तर
आज पाण्याला मी गेले असते,
आणि इथे बसून ती खोटं बोलली असती.

ती आली.
आईच्या ओठांना पेला लावण्याआधी
तिने डोळे मिटले, ओठ हलवले.
मी पदराच्या गाठीतला अंगारा काढला
आणि चिमूटभर पाण्यात टाकला.
तिने बघितलं. काही बोलली नाही.
आई दोन घोट प्यायली,
तिसरा गालावरून उशीवर उतरला.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता.
मी उपास धरला.