पानामागे चाळीस पैसे

मे महिना. रेकॉर्ड रूमचा कूलर नुसता ओरडतो,
वाळ्याच्या ताट्या कधीच्याच सुकल्या.
पानामागे चाळीस पैसे मिळतात मला.
वाचायचे वेगळे मिळत नाहीत.

तरी तुमची सही ओळखू लागलो, रावसाहेब.
शिवराम बापूजी हिंगणीकर, मुन्सफ, नागपूर.
'हिं'वरचं टिंब तुम्ही टाक आपटून द्यायचात,
कागदाला भोक पडेल असं.

वडील भोसल्यांच्या फडावर कारकून.
राज्य बुडालं तेव्हा तुम्ही सात वर्षांचे.
हे तुमच्या नोकरीच्या अर्जात आहे;
तिथे राज्य बुडत नाही,
'आस्थापना कमी झाली' असं आहे.

सन अठराशे एक्याऐंशी.
पाचपावलीचा कोष्टी, झिंगरू दौलत हेडाऊ,
कर्ज बावीस रुपये, व्याज वेगळं.
सावकाराला त्याचा माग जप्त करून पाहिजे.
तुम्ही लिहिलंत:
'माग हा कोष्ट्याचा तिसरा हात होय.
हात जप्त करण्याचा कायदा
या कोर्टास ठाऊक नाही.'

मी मशीन थांबवलं.
तेवढ्यात वीस पानं झाली असती.
मीही पाचपावलीचाच,
पण झिंगरू आमचा कोणी लागत नाही. घरी विचारलं.

पुढच्या गठ्ठ्यात निकाल रद्द, वरच्या कोर्टाकडून.
त्याच्या पुढच्यात तुमची बदली, चांद्याला.
घोड्याचा भत्ता नामंजूर.
मग हिवतापाच्या रजेचे अर्ज, अर्ज, अर्ज,
एका मुलाच्या दहाव्याची चार दिवसांची रजा
(दोन दिवस मंजूर),
मग बढती,
आणि एक्याण्णव साली परत नागपूर.

तोवर गिरणीचा भोंगा गावाला सवयीचा झालेला.
पुन्हा एक कोष्टी, पुन्हा एक माग.
या वेळी निकाल दीड ओळीचा:
'जप्ती कायम. खर्च प्रतिवादीवर.'
खाली सही. वळण तेच, शाई बरी.
'हिं'वर टिंब नाही.

मी पान उजेडात धरलं, उलटून पाहिलं.
नाही.

सुपरवायझर म्हणतो, काय पाहून राहिला बे,
काळा ठिपका दिसला की पुसत जा,
डाग असतेत ते, झुरळांचे नाहीतर शाईचे.

एक्याऐंशीचं पान परत उघडलं.
मशीनने त्या भोकाभोवती
आधीच लाल चौकोन काढून ठेवला होता,
विचारत होतं: पुसू?

बोट बराच वेळ वर होतं, रावसाहेब.
तुम्हाला चांदा होता, मला कंत्राट आहे, जूनपर्यंतचं.
मग 'नको' दाबलं
आणि पुढचं पान लावलं.