पहिल्या दहा ओढी

तळघरातल्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून
शेफिल्डचे फक्त पाय दिसतात:
बूट, कुत्र्याची पावलं, छत्रीचं एखादं टोक.
चारलाच अंधारलंय. नोव्हेंबर आहे.

यंत्राच्या दोन जबड्यांत डुकराची कंडरा,
बोटभर लांब, ओल्या शिंपल्यासारखी पांढरी.
खाटकानं सकाळी विचारलं होतं, "सूपला?"
मी म्हटलं, "ताणायला."
त्यानं पैसे घेतले नाहीत.

टॅमझिनच्या वहीत दोन आकडे.
चारशे दहा. पाचशे साठ.
तीच कंडरा, तेच यंत्र, तीच दुपार.
"यातला खरा कोणता?"

पहिला हळू ओढताना आलेला, दुसरा झटक्यात.
मी म्हणाले, दोन्ही खरे.
तू दोनदा वेगळं विचारलंस.
पोलादाला कसंही विचार, ते जवळजवळ एकच उत्तर देतं,
या गावाचं पोट त्यावरच भरलं;
पण जे कधी जिवंत होतं
ते विचारणाऱ्याचा सूर बघून बोलतं.

वाक्य चांगलं होतं. दरवर्षी असतं.
टॅमझिननं ते लिहून घेतलं नाही.

"मग पहिल्या दहा ओढी आपण फेकून का देतो?
तीही तिचीच उत्तरं ना?"

ओठांवर आलं होतं, पद्धत आहे तशी.
एकवीस वर्षं हेच म्हणत आलेय
आणि मुलं मान डोलवून पुढच्या पानावर गेलीत.
कंडरेवर थेंब थेंब मिठाचं पाणी पडत होतं,
वाळू नये म्हणून. वाळली की ती उगाच ताठ वागते.
माझ्या भाषेत ओढ म्हणजे आणखीही काही,
ते सांगत बसले नाही.

"हातमोजा काढ. हात धरला तर चालेल?"

आणि मी तिला मिरजेचा कासार सांगितला,
ज्याच्याकडे मोजपट्टी नव्हती.
तो आधी हात हातात घ्यायचा,
अंगठ्याच्या मुळाशी दाबायचा, पेरं मळायचा,
कुठल्या गावच्या, किती भावंडं, विचारत.
पहिल्यांदा हात अंग चोरतो, म्हणायचा,
त्याचं मनावर घ्यायचं नाही.
चौथ्या-पाचव्यांदा कळतं, दोन-चार की दोन-सहा.
घाईनं सारली तर तीच बांगडी त्याच हातावर तडकायची.

टॅमझिनचं एक बोट रग्बीत मोडलेलं, वाकडं जुळलेलं.
पहिल्या दाबाला ताठ. दुसऱ्याला किंचित कमी.
सातव्याला तिचं तिलाच कळलं.
"ओह."

मग लगेच:
"पण चोरलेलं अंगही तिचंच की.
माझी नॅन सकाळी पलंगावरून उतरते,
पहिली पाच पावलं भिंत धरून टाकते.
तिची टाच तेव्हा पहिल्याच ओढीत असते.
तिला कोण मळून देतं?"

कासारानं हे कधी सांगितलं नव्हतं.
मीही गप्प.
पकडीत सँडपेपर घालून आम्ही नवी कंडरा लावली,
ती सरकतेय की ताणली जातेय, एवढं तरी कळावं म्हणून.
पानाच्या डोक्यावर टॅमझिननं लिहिलं:
ओढ पहिली. फेकायची नाही.
खाली दोनदा रेघ.

साडेपाचला क्लिफर्ड किल्ल्या वाजवत आला,
दिवे घालवायचे होते त्याला.
मी म्हटलं, थांब जरा,
हिनं अजून अंग चोरलेलं आहे,
तेच मोजतोय.