तिसरी तार

नेस्टाच्या घरी जायचं तर
तीन वळणं आणि दोन फाटकं.
फाटक आपणच उघडायचं, आपणच लावायचं,
नाहीतर कूम हेलिगच्या साऱ्या मेंढ्या रस्त्यावर.
एक्स्चेंज इथून सव्वासहा किलोमीटर,
सगळं अंतर तांब्याचं.
शेवटचे एकोणतीस खांब मी रोवलेत,
वाकडे आहेत ते वाऱ्याने.

आता मी पेन्शनर. कंपनीचा पोरगा फोनवर सांगतो,
राउटर बंद करा, चालू करा.
नेस्टाने इतक्यांदा केलंय
की बटणावरचा रंग उडालाय.
दर वेळी पलीकडच्या यंत्राला वाटतं, लाइन आजारी आहे,
आणि ते वेग आणखी कमी वाढतं,
पथ्याच्या पेजेसारखा.
"हात लावू नकोस," मी म्हटलं. "दहा दिवस. ताप उतरू दे."

नात पॅटागोनियात, वेल्श शिकवते तिथल्या मुलांना.
रविवारी पडद्यावर येते आणि गोठते:
तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले,
"नाइ—"
आमच्यात आजीला नाइन म्हणतात.
पुढचा न
कधी येतो, कधी येत नाही.

मी रिसीव्हर उचलला, तपासणीचा नंबर फिरवला.
एक बाई सांगते, आता शांतता,
मग फक्त ऐकायचं.
धड लाइनीवर काहीच ऐकू येत नाही.
इथे तव्यावर बेकन चुरचुरत होतं,
आणि मध्येच, घड्याळासारखं, टिक्. टिक्.
टिक् म्हणजे प्रोसरच्या कुंपणातली वीज.
तो म्हणाला, कुंपण उत्तम आहे, मेंढ्यांना विचार.
वाढलेलं गवत मीच कापलं, फुटका चिनीमातीचा खुंटा बदलला.
टिक् गेली.
बेकन राहिलं.

मग भिंतीवरच्या डबीचं झाकण काढलं.
बोलायला दोन तारा पुरतात.
तिसरी, नारिंगी, घंटेपुरती.
तिच्यामागे गेलो: फळीखालून, खिडकीच्या चौकटीतून,
अंगणावरून, थेट मेंढ्यांच्या शेडपर्यंत.
आढ्याखाली घंटा. माझेच स्क्रू.
चौऱ्याऐंशीचा मार्च. इदवाल म्हणाला होता,
मेंढी वीत असली की हात कोपरापर्यंत आत असतो,
फोन वाजलेला कळत तरी पाहिजे.
मजुरी म्हणून अर्धं चीज दिलं आणि वर रग्बीवरून भांडला.

नेस्टाला समजावू लागलो:
जोडीच्या तारा एकमेकींना पीळ देऊन असतात,
बाहेरचा गोंगाट एकीत शिरला तर दुसरी तो फेडते.
ही एकटी. हिला जोडीदार नाही,
म्हणून रात्रभर सगळं ऐकत बसते,
रेडिओ, मोटारी, समुद्रावरची वीज—
इथे मी थांबलो.
पक्कड कुठे ठेवली ते शोधू लागलो.

"काढ," ती म्हणाली.
आणि मी डबीशी वाकल्यावर,
"आधी एकदा वाजव."

त्याच नंबरची सोय आहे: सांगून ठेवायचं, फोन खाली ठेवायचा,
लाइन आपणच आपल्याला फोन करते.
घंटा वाजली.
शेडवरचे कावळे उडाले.
म्हातारा कुत्रा, दोन वर्षं चुलीपासून हलला नव्हता,
उठला, अंगण ओलांडून
शेडच्या दाराशी जाऊन उभा राहिला.
नेस्टा हात पुसत होती, कोरडेच होते.
अकरा वेळा वाजू दिली.
मग म्हणाली, "बस."

नारिंगी तुकडा बोटभर.
वेग एक पूर्णांक एकवरून दोन पूर्णांक सात.
शहरातली माणसं हसतील.
घंटा राहू दे म्हणाली, तिथे कोणाला नडते?

रविवारी रात्री तिने मला फोन केला.
आवाज कसा स्वच्छ, जणू पलीकडच्याच खोलीतून.
"लेरीचा पुढचा दात तुटलाय, ग्विलिम.
तीन महिने झाले म्हणे.
मला दिसलाच नव्हता."
"दाखवला का कुणाला?"
"तेच विचारत होते," ती म्हणाली,
"तेवढ्यात लाइन गेली."