साठ टक्के

सत्र एकशे पाच दिवसांचं.
त्रेसष्ट ओलांडले की मदत सगळी तुमची;
त्याआधी शिक्षण सोडलंत
तर खर्चून संपलेलेही पैसे परत.
आणि सोडल्याची तारीख कुठली?
ज्या दिवशी तुम्ही मला सांगाल, ती.

नऊ वर्षं डुलुथच्या या खिडकीत
भटजींनी संकल्प सांगावा तसं
हे सांगत आलेय.

आज एकसष्टावा. शुक्रवार.
कॅलेब ओडेगार्ड, एम.ए., दुसरं वर्ष,
टोपी चुरगाळत उभा.
बाहीवर औषधाचा गुलाबी डाग.
आई हिबिंगला अंथरुणाला खिळलेली,
हे त्यानंच उन्हाळ्यात सांगितलेलं,
कर्जाच्या अर्जावर सही करताना.

"मला," तो म्हणाला, "असं सांगायचं होतं की—"

"जहाज बघितलंत का?"
इतक्या मोठ्यानं म्हणाले मी
की शेजारच्या टेबलावरची मार्गिट दचकली.
"खनिज भरून निघालंय. पूल उचललाय बघा."
त्यानं पाहिलं. मीही पाहिलं.
सरोवर राखाडी, जहाज काही केल्या सरकेना.
टेबलावरचं कॅलेंडर त्याच्याकडे फिरवलं,
सोमवारवर पेन्सिलचं टोक ठेवलं
आणि उचललंच नाही.
"आजचा चारचा तास बुडवू नका," एवढंच.

नियम मोडला का मी?
रात्री पुस्तिका चाळली, कलमं, पोटकलमं.
जहाजांबद्दल काही नाही.

सोमवारी नऊला दार उघडलं.
तो आधीच पायरीवर, हातात तीच टोपी,
डोळे तांबारलेले.
"हं," मी पेनाचं टोपण काढलं,
"बोला आता."