थांबल्या

एरंडवण्यात संस्थेचं सभागृह, पहिला मजला.
नऊ खुर्च्या, नऊ बाटल्या पाणी,
कोपऱ्यातल्या स्टुलावर मी, वही आणि दोन पेन्सिली.
विषय क्रमांक तीन :
डॉ. ओगले यांना प्राचार्यपदी कायम करणे.

कायम.
आमच्याकडे हा शब्द फक्त माणसांना लावतात,
भिंतींनासुद्धा नाही.

समोर हेमलता वाघचौरे, प्रयोगशाळा सहायक, निवृत्त.
धायरीहून दोन बस बदलून आलेल्या.
पर्स मांडीवर, पर्सवर दोन्ही हात.
सांगायचं ते चार वाक्यांत सांगितलं त्यांनी.
ती वाक्यं मी इथे देत नाही, ती वहीत आहेत.
माझ्या लघुलिपीत साडेतीन ओळी झाल्या.
मग दोन तास प्रश्न.

ॲडव्होकेट खळदकर, प्रगती पॅनेल :
एकोणीस वर्षं कुठे होतात बाई?
— तिथेच. केमिस्ट्रीच्या तळमजल्यावर.
कुणीतरी हसलं. कोण, ते मी लिहिलं नाही.
हसण्याला सूचक-अनुमोदक लागत नाही.

तारीख?
— आठवत नाही.
वार?
— गुरुवार.
वा! तारीख गेली आणि वार तेवढा राहिला?
— लाईट नव्हती. लाईट गुरुवारीच जाते ना आपल्याकडे.

क्षणभर नऊही जण नुसते पुणेकर झाले.
दोघातिघांची मान हलली, आपोआप.
मग पॅनेल आठवलं
आणि माना जागेवर आल्या.

मग परिवर्तनच्या किराडबाई,
पंगतीत जिलबी वाढावी तशा आवाजात :
ताई, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.
तुम्ही खूप घाबरला होतात, हो ना?
— नाही. राग आला होता.
किराडबाईंना राग नको होता,
त्यांच्या कागदावर भीती लिहिलेली होती.
त्यांनी पान उलटलं.

ओगले सर चिडले नाहीत, रडले नाहीत.
चष्मा पुसला, दोनदा.
खरं बोलणारा चष्मा पुसतो का? खोटं बोलणारा?
मी तर दिवसातून दहादा पुसतो.
आणि हेही सांगून टाकतो :
माझ्या मुलाची ॲडमिशन त्यांच्या एका फोनवर झाली होती.
तेव्हा मला गुरुवार खरा वाटला
यात माझा मोठेपणा किती
आणि उपकार फिटत नाहीत याचा चडफडाट किती,
ते मला अजून वेगळं काढता आलेलं नाही.

शेवटी खळदकर : मग तेव्हाच का नाही बोललात?

मी लिहिलं : साक्षीदार थांबल्या.
नळस्टॉपकडून मेट्रो आली, गेली, एवढा वेळ.
मग त्या म्हणाल्या,
तेव्हाही या खुर्च्यांवर तुम्हीच होतात.

मतदान सव्वाबाराला. पाच विरुद्ध चार.
सकाळी साडेनऊला चहाचं आधण ठेवताना
दगडू शिपाई मला म्हणाला होता, पाच-चार.
त्याने साक्ष ऐकली नव्हती.
ऐकली असती तरी त्याचा आकडा चुकला नसता.

जिन्यात बाई भेटल्या. एक पायरी, कठडा, एक पायरी.
सगळं लिहिलंत ना, भाऊ?
हो म्हणालो.
तेव्हा ते खरं होतं.

चार दिवसांनी इतिवृत्ताचा मसुदा परत आला.
अध्यक्षांची हिरवी शाई, एकाच शब्दाखाली रेघ.
थांबल्या नको. गोंधळल्या करा.
बाकी उत्तम.

लघुलिपीत थांबल्या म्हणजे एक आखूड रेघ,
नखाएवढी.
गोंधळल्याला वळणं फार.
टाईप करताना मात्र दोन्ही सारखीच,
बोटांना काही कळत नाही.

वही माझ्या कपाटात आहे. ती कुणी मागितली नाही,
मीही कुणाला दिली नाही.

ज्या दिवशी टाईप केलं तो गुरुवार होता.
संध्याकाळपर्यंत वाट पाहिली मी.
लाईट गेली नाही.