ड्यूटीवरचा

दौलतगंजात, गजकवाल्याच्या वर,
सतरा लाकडी पायऱ्या चढून आल्या दिघेबाई.
म्हणाल्या, मुलानं सांगितलंय, एक बरासा फोटो काढून ठेव.
कशासाठी, ते तो बोलला नाही
आणि मीही विचारलं नाही.
आणि हसल्या.
ते हसू मला हवं होतं.
कॅमेऱ्यावर अजून फडकं होतं.

मग बसल्या.
म्हणजे बाई बसल्या, आणि बाई निघून गेल्या.
खुर्चीत उरली मोतिया रंगाची साडी,
पिनेत पकडलेला पदर,
आणि रेशनकार्डावर असतात तसले डोळे.

वडील म्हणायचे, गिऱ्हाईक घराला कुलूप लावून येतं.
किल्ली मागू नये.
कुठं ठेवलीय ते त्याचं त्यालाच आठवेनासं होईल,
तोवर थांबावं.
वडिलांना थांबणं परवडायचं.
मला पाच वाजता मुरारला बारसं होतं.

केलं, जे जे करतात ते सगळं केलं.
पडदा बोटभर सरकवला,
धुक्यातून गाळून आलेलं जानेवारीचं ऊन
एका गालावर ठेवलं,
दुसऱ्या गालाशी पांढरा पुठ्ठा धरला.
खालून भाजल्या तिळांचा वास येत होता.
थंडीवर बोललो, तिघऱ्याच्या पाण्यावर,
नळ किती वाजता येतो त्यावर.
बाई उत्तरं देत होत्या,
चेहरा देत नव्हत्या.

नोकरी?
टेलिफोनमध्ये. एकतीस वर्षं. ट्रंक.
मी मान हलवली. मला काय ठाऊक ट्रंक,
मी त्यांच्या हनुवटीखालची सावली मोजत होतो.

तेवढ्यात अनीसनं फ्लॅशचं बटण दाबलं
आणि डब्यावरचा चिमुकला लाल दिवा
लागला.

पुढचं मी डोळ्यांनी नाही पाहिलं,
बोटानं पाहिलं.
त्यांचा डावा हात कानाशी गेला,
जे तिथं नव्हतंच ते घट्ट दाबायला.
उजव्याची दोन बोटं चिमटीत जुळून
हवेत एक भोक शोधू लागली.
पाठ ताठ. मान जराशी कललेली.
आणि नजर माझ्यातून, पुठ्ठ्यातून, भिंतीतून
थेट कुठल्या तरी भिंडच्या पोस्टमास्तरापर्यंत,
ज्याचा आवाज तारेत तुटतोय
आणि ज्याला झाशीचं इस्पितळ हवंय,
आत्ता, लगेच.
ओठ उघडले.
क्लिक.

मग त्या इतक्या लाजल्या
की पदराची पिन सुटली.
दिवा लागला की तीन सेकंदांत घ्यायचा असतो हो,
मागं सुपरवायझर उभी असायची.

स्क्रीनवर दोन्ही दाखवले.
हा नको, म्हणाल्या, हा ड्यूटीवरचा.
घरातल्यांनी मला अशी कुठं पाहिलीय?
ओळखायची नाहीत.
मिटल्या ओठांच्या चार प्रती घेतल्या, पैसे मोजून दिले,
एक रुपया सुट्टा नव्हता तर
गजकवाल्याकडून आणून दिला.
पुन्हा सतरा पायऱ्या.

नकोसा फोटो मी मोठा करून काढला.
ओठांच्या मधे एक शब्द अडकलाय,
अर्धा बाहेर, अर्धा आत.
अनीस म्हणाला, हलो.
मी म्हटलं, हलोला तोंड जास्त उघडतं.
गिऱ्हाइकं भांग पाडतात त्या आरशासमोर
आम्ही दोघं उभे राहिलो, शेजारी शेजारी,
बोला, म्हणून पाहिलं,
होल्ड करा, म्हणून पाहिलं,
झाशी, लाइनवर राहा, कट झालं का,
तोंडं वाकडी केली, सरळ केली,
पुन्हा फोटो, पुन्हा आरसा.
जिन्यात कुणीतरी पासपोर्टवाला येऊन
आमच्याकडे बघत उभा.

मुरारला पोचलो तेव्हा
बाळाचं नाव ठेवून झालं होतं.