उणे चार

माझ्या गावची धावपट्टी समुद्राच्या चार मीटर खाली आहे.
उतरून इंजिन बंद केलं की उंचीमापकाचा काटा
शून्याच्या अलीकडेच थांबतो,
उंबऱ्यात घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखा.
आमच्याकडे सर्वांत उंच म्हणजे समुद्राचा बांध,
बांधावर मेंढ्या,
मेंढ्यांच्या वर लगेच आकाश.
क्षितिज म्हणजे गवंड्याची पाणसळ,
पंख जरा कलला की सांगणार.
एकवीस वर्षं मी तिच्या भरवशावर उडले.

इथे, सावोआच्या डोंगरांत, ती पाणसळ कुणीतरी उचलून नेली आहे.
"समोरचा कडा म्हणजे क्षितिज नव्हे," ओनोरीन म्हणते.
"तो चढतो, तुझे डोळे चढतात, हात नकळत दांडी ओढतो,
आणि वेग गळत राहतो, फुटक्या घागरीतून गळावा तसा."
ती सदुसष्ट वर्षांची. एक गुडघा बदललेला.
विमानात चढताना गुडघ्याला शिव्या देते,
बसली की गप्प.
वीत्स्के हे नाव तिच्या जिभेवर बसत नाही.
म्हणते, "ए सखल."

पहिले दोन दिवस आम्ही उडलोच नाही.
हँगरच्या मागे, तिच्या टेबलाशी,
मी आकडे मांडत बसले:
उंची, ऊन, वजन.
इथली दुपारची हवा म्हणजे पाणी घालून वाढवलेलं ताक,
प्रोपेलर घुसळत राहतो, लोणी येत नाही.
घरी जे विमान तीनशे मीटरमध्ये उठतं
ते इथे पाचशे वीस मागतं.
पट्टी आहे तीनशे नव्वद.
"मग काय करशील?"
"पेट्रोल कमी भरीन."
"आणखी?"
"सामान उतरवीन."
"आणखी?"
"तुम्हाला उतरवीन."
तेव्हा पहिल्यांदा हसली.
"आणि पहाटे निघशील," म्हणाली.

बाकी पाठ करायचं ते असं.
दरीच्या मधून जायचं नाही, एका अंगाला चिकटून जायचं,
उरलेली सगळी रुंदी वळण्यासाठी राखून.
खिंड तिरकी ओलांडायची,
नको असलेल्या आमंत्रणाला गेल्यासारखी,
अर्धं अंग आधीच दाराकडे.
चढाच्या पट्टीवर उतरताना लाल छपराचा एक गोठा लागतो.
गोठ्यापर्यंत मन बदलता येतं.
गोठ्यानंतर फक्त उतरता येतं.
गोठ्यात कोण असतं, मी विचारलं.
गाई, म्हणाली. त्या आता वर बघत नाहीत.

अडत होतं ते वाऱ्याशी.
आमचा वारा दिसतो, गवतात, कालव्यावर, दोरीवरच्या चादरीत.
इथला कड्याच्या मागे जाऊन काय करतो कोण जाणे.
तिसऱ्या संध्याकाळी तिने टेबलावरचं मेणकापड चुरगाळून डोंगर केला
आणि त्यावर किटलीतलं गार पाणी ओतलं.
माथ्यावरून सुरळीत आलं,
आणि पलीकडे, पायथ्याशी,
उलटं वळून डोंगरालाच जाऊन लागलं.

बाबा जलद्वारावर कामाला होते.
दार उचललं की खालच्या अंगाला
पाणी असंच स्वतःत गुंडाळतं.
त्यात पडलेली फळी पुढे जात नाही, बुडतही नाही,
दिवसभर तिथेच लोळत राहते.
मी सात वर्षांची होते तेव्हा ती फळी नव्हती,
शेजारच्या हाउकेची होडी होती.
बाबांनी मला तोंड फिरवू दिलं नाही.
"बघ," म्हणाले, "पाणी कुठून परत येतं ते बघ."

मी मेणकापडावर बोट ठेवलं. "इथे."
ओनोरीनची किटली थांबली.
"इथे मी जाणार नाही. खूप वरून, नाहीतर घरी."
ती काही बोलली नाही. टेबल पुसलं,
पुसताना माझं बोटही पुसलं.

पहाटे पाच. पंख दवाने ओले.
डावा ती पुसते, उजवा मी.
मग मी आत बसते, पट्टे आवळते,
शेजारून शिव्या येण्याची वाट बघते.
शिव्या येत नाहीत.
ती खालीच उभी आहे, फडकं खांद्यावर टाकून.
"वजन कमी केलंय," म्हणते, "तुझ्याच हिशोबाने."

इंजिन तापतंय.
पट्टीच्या टोकाला जमीन संपते, पुढे काही नाही.
पलीकडच्या खिंडीवरून ढगाची एक चिंधी
खाली येते, थबकते,
आणि परत डोंगराकडे वळते.
मी तोंड फिरवत नाही.